कोरी खूण

"नमस्कार. पहिल्यांदाच आलात का?"

मिरजेच्या सोबत केंद्रात पाऊल टाकलं की सोबती हा प्रश्न विचारतो. सोबती म्हणजे माणसाच्या मनाची विचारपूस करणारं यंत्र. स्वानंद कोठावळे वर्षभर रोज सकाळी तिथं जात होते आणि सोबती त्यांना वर्षभर रोज हेच विचारत होता. शेवटी त्यांची मुलगी मृण्मयी चिडली आणि तडक डॉक्टर तस्नीम मुजावर यांच्या खोलीत शिरली. सोबतीचा मेंदू त्यांनीच लिहिला होता.

"मॅडम, माझे बाबा रोज येतात. तुमच्या यंत्राला एवढं साधं कळू नये? शेजारचं कुत्रंसुद्धा चार दिवसांत माणूस ओळखतं!"

"कुत्र्याला विसर कायदा लागू नाही," मुजावर म्हणाल्या.

हा कायदा आता सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. एके काळी यंत्रं माणसांबद्दल सगळं साठवून ठेवत. मग ती साठवण चोरीला जाऊ लागली, विकली जाऊ लागली, आणि लोकांच्या घरातली भांडणं चव्हाट्यावर आली. तेव्हा ठरलं की कोणत्याही यंत्रानं माणसाची आठवण स्वतःजवळ ठेवायची नाही. माणूस बाहेर पडला की पाटी कोरी.

"पण मग दुसऱ्या भेटीला ओळखतं कसं?" मृण्मयीनं विचारलं.

"देवळाबाहेर चपला ठेवतेस तेव्हा तिथला चपलावाला तुझा चेहरा लक्षात ठेवतो का? तो तुला बिल्ला देतो. बिल्ला तू सांभाळायचा. सोबती तेच करतो. निघताना तो तुमच्या मनगटातल्या कड्यात एक खूण ठेवतो. तुम्ही काय बोललात, कुठं दुखतंय, ते त्या खुणेत. पुढच्या वेळी दारातच तो बघतो, या माणसाजवळ आपली खूण आहे का? असली तर ओळखीचा, नसली तर परका. जुन्या इंटरनेटवर हीच युक्ती होती. तिला कुकी म्हणायचे."

"खायची?"

"नाही गं. नाव कुणी ठेवलं देव जाणे."

मृण्मयीला हसू आलं नाही. गेल्या पावसाळ्यात कृष्णेच्या पुरात स्वानंद कोठावळे लोकांना नावेतून बाहेर काढत होते. नाव उलटली. बाकीचे वाचले, त्यांचा मुलगा कैवल्य वाचला नाही. तेव्हापासून ते घरात कामापुरतंच बोलत. सोबतीचे उपचार दुसऱ्या भेटीपासून सुरू होतात. पहिल्या भेटीत नुसत्या हवापाण्याच्या गप्पा. म्हणजे वर्षभर तिचे बाबा उंबरठ्यावरच बसून होते.

मुजावरांनी सोबतीच्या सूचना उघडल्या आणि जराशानं कपाळाला हात लावला.

"चूक माझीच. बाबा आत काही बोलतात का?"

"बाबा? कुठलं हो!"

"तेच. ते बोलत नाहीत, म्हणून सोबती त्यांना कोरी खूण देतो. मी सूचना लिहिताना 'खूण आहे का' असं विचारायला हवं होतं. मी विचारलंय, 'खुणेत काही लिहिलंय का'. बिल्ला हातात आहे, पण त्यावर आकडा नाही, म्हणून चपलावाला म्हणतोय की बिल्लाच नाही. आमच्या धंद्यात नवशिके करतात ही चूक. मला लाज वाटायला हवी, आणि वाटतेय."

त्यांनी ती एक ओळ तिथल्या तिथं बदलली. मृण्मयी घरी जाताना बऱ्याच दिवसांनी जिलेबी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम बाबांबरोबर आली आणि मुजावरांच्या शेजारी काचेपलीकडे उभी राहिली. स्वानंद आत गेले, खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले.

"या, पुन्हा आलात, बरं वाटलं," सोबती मायेनं म्हणाला. "आज थोडं बोलू या का?"

स्वानंद खुर्चीच्या पाठीला हात लावून तसेच उभे राहिले. मग मागं फिरून बाहेर आले. मृण्मयी धावत त्यांच्यापाशी गेली.

"बाबा, काय झालं?"

"त्याला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"मी कोण ते."

"कुणी काही सांगितलं नाही हो," मुजावर घाईनं म्हणाल्या. "त्याला फक्त एवढंच कळलं की तुम्ही आधी आला होतात. आता तुमच्यावर उपचार सुरू होतील."

स्वानंद बाकावर बसले. वर्षभरात बोलले नसतील एवढं ते त्या बाकावर बोलले.

"मॅडम, मी चहाच्या टपरीवर गेलो की हसणारी माणसं गप्प होतात. कुणीतरी उठून मला जागा देतं. सलूनवाला रेडिओ बंद करतो. सगळी भली माणसं आहेत, त्यांचा राग नाही. पण मला बघितलं की त्यांना पूर दिसतो. आणि घरी ही." त्यांनी मृण्मयीकडे न बघता तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ही तर काहीच विसरत नाही. इथं मात्र तो रोज विचारायचा, पहिल्यांदाच आलात का. मी हो म्हणून मान हलवायचो. मग तोच बोलायचा, आज ऊन आहे, काल वारा होता, असलं काहीबाही. तेवढा वेळ माझं पोरगं बुडालेलं नसायचं."

मुजावरांचे डोळे भरून आले. आपण एका दुखऱ्या माणसाचं दार बंद केलं, असं त्यांना वाटलं.

"खूण तुमच्याजवळ आहे, आमच्याजवळ नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कडं काढून इथं ठेवा आणि आत जा. तो तुम्हाला ओळखणार नाही. रोज काढत जा."

"पण मग ते बरे कसे होणार?" मृण्मयी कळवळून म्हणाली.

स्वानंदांनी कडं काढलं, ते आत गेले, आणि प्रश्नाला मान हलवून खिडकीजवळ बसले. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता. "मी होतो पुढं," म्हणाले आणि चालू लागले.

मृण्मयी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. भाऊ तिचाही गेला होता. पण वर्षभर लोक तिला एकच विचारत होते, बाबा कसे आहेत?

"मी बसू का जरा आत?" तिनं विचारलं.

"बस की. तुझी तर खूणच नाही."

ती आत गेली. काचेपलीकडून मुजावरांना सगळं ऐकू येत होतं. सोबतीनं नमस्कार केला, पहिल्यांदाच आलात का विचारलं, बसायला सांगितलं, आणि मग परक्या माणसाला सहज विचारतात तसं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"बाबा असतात, मी असते," मृण्मयी म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा उजळला.

"आणि माझा भाऊ. बाहेर गेलाय, येईलच एवढ्यात."