शेवटच्या प्लॉटवरची हाक

नव्या वसाहतीचा आराखडा आला की आजूबाजूच्यांच्या हरकती ऐकायच्या, जागा पाहून यायची आणि मंजुरी द्यायची की नाही ते ठरवायचं, हे तिचं काम. नगररचना कार्यालयात सगळे तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. बिल्डर हसला तरी हिला संशय, गप्प बसला तरी संशय. ताकही फुंकून पिणारी बाई.

या खेपेला मात्र सुनावणीतच पाणी मुरतंय असं तिला वाटलं. जागा म्हणजे नुसता उघडा माळ. त्यावर वीटसुद्धा रचलेली नव्हती. तरी शेजारच्या जुन्या घरांतली माणसं एकामागून एक उठून सांगत होती, की तिथली पोरं दुपारभर डोळ्याला डोळा लागू देत नाहीत, कुंपणाखालून सांडपाणी येतं, गच्च्यांवरचे दिवे कुणी विझवत नाही.

"असं होईल, असं म्हणायचंय ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"होतंय, मॅडम," शिवणकाम करणारी एक बाई शांतपणे म्हणाली. "माझं घर अगदी कुंपणाला लागून. शेवटच्या घरातली आई रोज दिवेलागणीला पोरीला हाका मारते. ऐकवत नाही हो. पोर ओ देत नाही."

बिल्डरने कपाळावर हात मारून घेतला. "पढवून आणलंय सगळ्यांना! माझ्या वाईटावर टपलेले काय कमी आहेत?" मग तो जवळ वाकला आणि साखर पेरत म्हणाला, "शेवटचा प्लॉट तर तुमच्या भावाने घेतलाय. म्हणजे घरचंच काम आहे, मॅडम."

ते खरं होतं. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची लहानगी लेक टिकली एका खोलीत दाटीवाटीने राहत होती. टिकली येता-जाता विचारायची, "आत्या, आमचं घर कधी येणार?" खरं म्हणजे हे प्रकरण तिने दुसऱ्या कुणाकडे सोपवायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं तिच्या रक्तातच नव्हतं.

ऊन कलल्यावर ती जागेवर गेली. माळावर पांढरी फक्की टाकून रस्ते आखले होते, प्लॉटच्या कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या होत्या. वारा पडलेला. मोकळ्या माळाला मातीचा वास यावा, तिथे कुणीतरी नुकतीच फरशी पुसल्यासारखा ओलसर वास येत होता. बिल्डर बोलत बोलत रेषा ओलांडून आडवा निघाला. शिवणकामवाली मात्र आखलेल्या रस्त्यानेच वळणं घेत आली.

"इकडून या ना, जवळ पडेल," तिने बाईला म्हटलं.

"लोकांच्या घरांतून कशी येऊ?" बाई म्हणाली.

नाटक छान वठवतेय, असं तिच्या मनात आलं. आणि असल्या नाटकांवर तिच्याकडे एक जुना उपाय होता. जी हरकत असेल ती जागेवर करून पाहायची. सांडपाण्याची तक्रार आली की ती स्वतः बादल्या ओतायला लावी. आता प्रश्न हाकेचा होता.

"तुम्ही घरात जाऊन थांबा," तिने बाईला सांगितलं. "मी शेवटच्या प्लॉटवरून हाक मारते. काय ऐकू आलं ते मला येऊन सांगा."

ती फक्कीच्या चौकोनात जाऊन उभी राहिली. कुणाला हाक मारायची? जिभेवर आलं तेच नाव तिने घेतलं. "टिकलेऽऽ... ये गं घरात!"

माळ गप्प होता. कानावर काहीच आलं नाही. बिल्डर घड्याळ बघत होता.

थोड्या वेळाने बाई कुंपणाशी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हेच नाव... तुम्हाला कसं कळलं, मॅडम?"

"कोण सांगतं तुम्हाला हे?" ती ओरडलीच. "माझ्या भाचीचं नाव कुणी सांगितलं?"

बाई मागे सरकली. "कुणी नाही हो... रोज ऐकते ना मी. पण आज..."

"आज काय?"

"आज पोरीने ओ दिली. 'आले, आत्या' म्हणाली... तुम्हाला नाही ऐकू आलं?"

रेषा पायाने पुसत ती तिथून अक्षरशः पळाली.

दुसऱ्याच दिवशी तिने मंजुरी नाकारली. सखल जमीन, पाण्याचा निचरा नाही, अशी कारणं दिली. "सख्खी बहीण की वैरीण?" एवढं बोलून भावाने बोलणं टाकलं. तिचा फोन कुणी उचलेना. पण टिकली त्या जागी राहायला जाणार नाही, याचं तिला समाधान होतं. रात्री त्या समाधानावरच ती झोपायची.

पुढे एका दुपारी शिवणकामवाली कार्यालयात आली. तक्रार नव्हती, आभार मानायला आली होती.

"सगळं सामसूम झालं बघा. दिवे नाहीत, पोरं नाहीत. बिऱ्हाडं हलवल्यासारखं."

"आणि ती... हाक मारणारी?"

बाईने दाराकडे पाहिलं. "ती नाही गेली. हाक मारायची थांबलीय, पण घरोघर विचारत फिरते. काल माझ्या दारात आली होती. म्हणाली, वन्संनी हाक मारली आणि पोर उठून गेली ती परत आलीच नाही. वन्सं कुठे भेटतील?"

"मग?"

"रडत होती हो बिचारी... मी इथला पत्ता दिला."

खाली जिन्यापाशी कुणीतरी शिपायाला विचारत होतं, "आमच्या वन्सं आहेत का वर?" आवाज भावजयीचाच होता. भावजय टिकलीला घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे, आणि टिकली जिना कधी चालत चढत नसे, धावत सुटायची. टेबलाची कड घट्ट धरून ती कान देऊन उभी राहिली.

पावलं सावकाश जिना चढत होती. एकाच माणसाची.