बदली आल्याशिवाय

सतरंजी जरा सरकवा रे, म्हाताऱ्याच्या पाठीला भिंत लागते. हां. पराग, तो मोबाईल उलटा ठेव, उजेड डोळ्यांवर येतो. भुताची गोष्ट पाहिजे म्हणता ना? मी स्वतः भूत पाहिलेलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पण आपल्या डिंडोलीतल्या लखनला तुम्ही ओळखता. उंच, सावळा, दर वर्षी चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांच्या पुढे झेंडा घेऊन चालायचा, तोच. हे त्याच्या बाबतीत झालेलं आहे. त्यानं याच गच्चीवर मला सांगितलं आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

सुरुवात अगदी साधी आहे. लखनला एक वस्तू विकत घ्यायची होती. हातात धरायचं जीपीएस.

काय म्हणालीस सायली? मोबाईल असताना ते कशाला? अगं बाई, गडाची वाट डांगच्या जंगलातून जाते, तू तिथं पायी गेलीयेस का कधी? आहवा सोडलं की मोबाईलचा उपयोग बॅटरी मारण्यापुरता, तोही दुपारपर्यंत. हे झालं त्याच्या आदल्या वर्षी आपली सरलाबाई आणि तिची जाऊ वाट चुकून जंगलात शिरल्या, त्या दुसऱ्या दिवशी लखनला सापडल्या. गड राहिला बाजूला, बायका लखनच्याच पाया पडायला लागल्या. तेव्हापासून त्यानं मनावर घेतलं. माणसं आपल्या भरवशावर चालतात, तर एकही मागे राहता कामा नये.

लखन मोठा चिकित्सक. भाजी घेतानासुद्धा भेंडी मोडून बघणारा. स्टेशनजवळची दुकानं त्यानं पालथी घातली. चांगलं नवं यंत्र त्याच्या ऐपतीबाहेरचं. एकानं स्वस्तातलं दाखवलं, मोठा रंगीत पडदा, बोटानं सरकवायचा. लखन म्हणाला, "घामेजल्या बोटानं हा सरकेल? आणि चार्जिंग संपलं तर वायर कुठल्या सागाला लावू?" दुसऱ्यानं मनगटी घड्याळ काढलं. ते सॅटेलाइट पकडायला इतका वेळ घेई की तोवर माणूस गडाच्या पायऱ्या चढून जाईल. लखनला हवं होतं बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं, कारण सेल कुठल्याही पाड्यावरच्या दुकानात मिळतात. नकाशा नसला तरी चालेल. जिथून निघालो ती खूण लक्षात ठेवावी, परतताना तिकडे बाण दाखवावा आणि दाट झाडीत दगा देऊ नये, एवढंच. असं यंत्र परवडायचं तर जुनंच घ्यावं लागणार होतं.

ते जुनं त्याला मगननं दिलं.

मगन म्हणजे लखनचा जोडीदार. तुम्हा ऑफिसवाल्यांना ते नातं कळायचं नाही. यंत्रमागावर एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, माग तेच. लग्नाआधी नवागामच्या खोलीत दोघांत एकच खाट होती. एक उठून कामावर जायचा, तेव्हा दुसरा येऊन त्याच अंथरुणात पडायचा. सख्ख्या भावांत नसते इतकी माया.

आणि पाळी बदलायचा एक शिरस्ता असतो. माग चालूच असतात. जाणारा माणूस सूत कापायची छोटी कातर येणाऱ्याच्या, म्हणजे बदलीच्या, तळहातावर ठेवतो. त्यानं ती घेतली की माग त्याचे. बदली आल्याशिवाय माग सोडायचा नाही, मग ताप येवो की घरी काही होवो. प्रत्येक जोडीच्या कातरीला वेगळ्या रंगाचा दोरा. सुट्टीच्या दिवशी ती शेवटच्या पाळीवाल्याच्या खिशात राहते. इतकी सवय होते की समोरून कुणी हात पुढे केला, तर आपला तळहात आपोआप उघडतो.

त्यांच्या शेजारच्या मागांवर चेतन नावाचा पोरगा होता, हिरव्या दोऱ्याच्या कातरीवाला. तीन वर्षांपूर्वी तो गायब झाला. मगननं सगळ्यांना सांगितलं, मी त्याला मुंबईच्या गाडीत चढताना पाहिलं, सोबत कुणीतरी बाई होती. झालं. चेतनची बायको पल्लवी रडून रडून अर्धी झाली आणि आख्ख्या मोहल्ल्यानं चेतनला शिव्या घातल्या. लखननंही घातल्या. मगनचा शब्द म्हणजे त्याला देवाचा शब्द.

तर मगननं एके सकाळी टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र आणून बाकावर ठेवलं. हातात नाही दिलं. बाकावर ठेवलं.

"कुणाचं रे?" लखननं विचारलं.

"कुणाचं म्हणजे? आता तुझं. एका सर्वेवाल्यानं टाकून दिलं होतं. आतलं सगळं पुसलंय मी."

लखननं या गच्चीवर येऊन सेल घातले. पाणी प्यायच्या आत सॅटेलाइट सापडले. तो लहान पोरासारखा खूश झाला. मगन म्हणाला, "पण जत्था गडाला निघण्याआधी एकदा जंगलात वापरून बघ. शुक्रवारी सुट्टी आहे, मीही येतो."

शुक्रवारी पहाटे मगनचा फोन आला, पाठ धरलीय, तू जा.

मागच्या वर्षीची एकवीस मार्च. फाल्गुन वद्य सप्तमी, म्हणजे चंद्र मध्यरात्रीपर्यंत उगवणार नव्हता. लखननं आहव्याच्या पुढे एका पाड्यावर मोटारसायकल लावली, तिथली खूण यंत्रात ठेवली आणि चालायला लागला. दिवसभर यंत्रानं चोख काम केलं. पाण्याची जागा, ओढ्याचा उतार, सावलीचं झाड, सगळ्या खुणा त्यानं घेतल्या. डांगातले साग तेव्हा उघडेबोडके असतात, पायाखाली पापडासारखी वाळली पानं. दिवस कलला तसा त्यानं परतीचं बटण दाबलं. बाण आला. लखन बाणामागे निघाला.

थोड्या वेळानं त्याला वाटलं, येताना आपण हा चढ चढलो नव्हतो. पण माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही, असं म्हणून तो चालत राहिला. इतकी पारख करून घेतलेली वस्तू. शिवाय मगननं दिलेली.

अंधार पडला. बाण उतारावरून खाली नेत होता. साग संपले. बांबू सुरू झाला. दाट. लखननं टॉर्च लावला आणि पडदा नीट पाहिला. मोटारसायकलची खूण त्याच्या पाठीमागे होती. बाण पुढे होता... भलत्याच खुणेकडे. त्या खुणेला नाव नव्हतं.

त्यानं ती पुसली. बाण हलला नाही.

त्यानं सेल काढले.

पडदा चालूच होता.

लखन मागे वळला. चालला. बराच चालला. आणि बांबूचं तेच बेट पुन्हा समोर आलं. मग यंत्र वाजलं. एकदाच. पोचलो की वाजतं, तसं.

समोर दगड होता. दगडावर कुणीतरी बसलं होतं. एक पाय सरळ पसरून.

"उना का, भाऊ?"

आपली अहिराणी, आलास का म्हणून विचारणारी. आवाज थकलेला. रागाचा नाही. बारा तास उभं राहिलेला माणूस बोलतो ना, तसा.

 टॉर्च लखनच्या हातात होता, पण वर उचलवेना. उजेड त्या माणसाच्या पायांपर्यंतच पडला होता. पायांवर पानं साचली होती. खूप...

"पाय मोडला तेव्हापासून जागा सोडली नाही मी," तो म्हणाला. "माझं यंत्र त्याच्याकडे दिलं, वाट सापडावी म्हणून. मगन म्हणाला होता, इथंच बस. बदली पाठवतो."

लखन मला म्हणाला, "आप्पा, भुताची भीती तेव्हा गेली. त्या एका वाक्यानं माझं काळीज फाटलं." मगन. मुंबईची गाडी, ती बाई, टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र, धरलेली पाठ. एकेक धागा उसवत गेला. ज्याच्या अंथरुणाची ऊब आपण वाटून घेतली, त्यानंच केसानं गळा कापला. चेतनला तर टाकलंच होतं. आता त्याच्या जागी बसायला लखनला पाठवलं होतं. लखन तिथं उभ्या उभ्या रडला.

चेतननं हात पुढे केला.

आणि लखनचा तळहात... उघडला. त्याला नको होतं. इतक्या वर्षांची सवय. हातावर काहीतरी गार पडलं.

दगड रिकामा झाला. टॉर्च विझला.

मग रात्रभर...

रात्रभर लखन त्या दगडावर बसून होता. पाय धडधाकट. उठता येत नव्हतं.

पहाटे पाड्यावरच्या बायका मोहाची फुलं वेचायला आल्या. टोपल्या टाकून पळाल्याच असत्या, पण त्यातली एक म्हातारी पुढे आली. "ऊठ भाऊ," म्हणाली. लखन म्हणाला, "बदली नाही आली." तिला काय कळणार? तिनं मनगट धरून त्याला ओढलं, चौघींनी मिळून उठवलं. तो उठला तेव्हा दगडाखालची पानं सरकली, आणि... नको. पल्लवी अजून याच गल्लीत राहते. एवढंच सांगतो की तिच्या नवऱ्याची क्रिया झाली. पळपुटा म्हणून नाही, नवरा म्हणून झाली.

लखनच्या मुठीत गंजलेली कातर होती. हिरवा दोरा. पोलिसांना त्यानं सगळं सांगितलं, यंत्रही दिलं. कातर तेवढी दिली नाही.

रविवारी सकाळी तो थेट कारखान्यात आला. मगनची रात्रपाळी संपत होती. पन्नास मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही, आम्ही सगळे ओठांवरून बोलणं वाचतो. मगननं लखनला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो परत येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"का रे?" लखननं विचारलं.

मगनचे ओठ हलले. "सुट्टीला आम्ही दोघं जंगल बघायला गेलो, त्याचा पाय मोडला. घाबरलो होतो. अंधार पडला, मी पळालो. सकाळी जायचं होतं... मग नाही गेलो. मग खोटं बोललो. ते यंत्र रोज मी दिवसा झोपलो की वाजायचं, लखन. घरात, कपाटात. कुणाला तरी पाठवणं भाग होतं."

"मग मीच का?"

मगननं तुटलेलं एक सूत जोडून घेतलं. मग म्हणाला, "दुसरा कुणी त्याला बघून पळून आला असता. तू नाही. तू कुणाला मागे टाकून येत नाहीस."

लखन म्हणतो, भूत परवडलं, पण हे नको होतं ऐकायला. आपल्यातलं जे चांगलं होतं, तेच हेरून त्यानं आपल्याला विकलं.

रोज सकाळी मगननं कातर द्यायची आणि लखननं घ्यायची. त्या दिवशी लखननं हात पुढे केला. मुद्दाम केला की सवयीनं, ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मगनचा तळहात उघडला. गंजलेली कातर त्यावर पडली.

लखन वळला आणि चालू लागला. पाठीमागे मगन ओरडत असणार. त्या आवाजात ऐकू येत नाही, आणि ओठ बघायला लखननं मान वळवली नाही.

मगन दिवसभर मागापुढून हलला नाही. मुकादम म्हणाला, घरी जा. तो म्हणाला, "बदली आली नाही." जेवला नाही. पाणी प्यायला नाही. पोलीस त्याला शोधत त्याच्या घरी गेले, आणि हा इथं मागापुढे उभा. संध्याकाळी निरोप मिळाल्यावर ते कारखान्याकडे निघाले.

दिवेलागणीला वीज गेली.

पन्नास माग एकदम बंद. सगळीकडे शांत...

वीज आली. मगनचे माग चालू झाले. मगन नव्हता. बाहेर पडायचं दार एकच, दारात वॉचमन आणि नुकतेच पोचलेले पोलीस. त्यांच्यासमोरून कुणी गेलं नव्हतं.

शेठनं लखनला बोलावणं धाडलं. "तुला ती बांबूतली जागा माहीत आहे," शेठ म्हणाला. "एकदा जाऊन बघून ये."

"मी जाणार नाही," लखन म्हणाला.

मग मुकादमानं त्याला मगनच्या मागाकडे नेलं. दिवसभराचं कापड रुळावर गुंडाळलेलं होतं, पांढरं, कोरं. मुकादमानं ते उलगडलं. टोकापासून टोकापर्यंत, चार बोटं सोडून चार बोटं सोडून, सुताच्या जागी बांबूची पानं विणली गेली होती. कुठं धागा तुटलेला नाही, कुठं गाठ नाही. डांगातला बांबू होळीनंतर पार वाळलेला असतो. लखननं कडेचं एक पान ओढून काढलं. हिरवं होतं. त्याच्या बोटांना ओल लागली.