साडेतेरा हजार किलोमीटर

ही गोष्ट खरी आहे. देवापुढे दिवा लावून सांगते, पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

ठिकाण घोलवड. गेल्या माघातला मंगळवार. दिवस नुकताच उगवला होता.

चिकूच्या वाडीतल्या घरात लाहूबाबा शेवटच्या घटका मोजत होते. उशाशी लेक प्रगती. धाकटा अमृत सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या विमानात.

रात्रभर बाबांनी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. पळी ओठांशी नेली की दात घट्ट.

"अमृतच्या हातचंच."

मग हळूच विचारलं, "केवढं लांब गं ते?"

"साडेतेरा हजार किलोमीटर, बाबा. सोळा तास लागतात. त्यातले सहा राहिलेत."

"वर हायवेच्या टोलनाक्यावर अडवतील ते वेगळंच," बाबा क्षीण हसले.

शेजारच्या बुधीबाईने डोळ्यांना पदर लावला. "अगो, त्या विमानवाल्याला फोन कर. म्हणावं, जरा दामटव!"

"नको," बाबा म्हणाले. "मीच जातो त्याला सामोरा."

त्यांनी डोळे मिटले.

वाडीतली पाखरं एकदम गप्प झाली...

आणि बाबांचा घसा हलला.

गट्... गट्...

ओठ ओले झाले. हनुवटीवरून थेंब ओघळला. पळी तर प्रगतीच्या हातात, भरलेली तशीच!

ओठ पुन्हा उघडले. काही मागावं तसे.

प्रगती वाट बघत राहिली...

ओठ उघडेच राहिले.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

संध्याकाळी पाचला अमृत दारात आला. तोवर बुधीबाईने बाबांची हनुवटी फडक्याने बांधली होती. त्याने पाणी घातलं, ते गालावरून वाहून गेलं.

मग तो प्रगतीपाशी येऊन बसला.

"ताई, विमानात माझ्या शेजारची सीट रिकामी होती. झोपेत कोणीतरी म्हणालं, 'पाणी दे रे.' आपल्या बोलीत. अंधारात कोणी म्हातारा बसलेला. मी माझा ग्लास दिला."

"किती वाजता?"

"समोरच्या पडद्यावर सहा तास राहिलेले दाखवत होते."

प्रगतीच्या अंगावर काटा आला.

"मग परत म्हणाला, 'अजून दे.' मी दमलो होतो गं. 'काका, बटण दाबा ना, ती बाई आणून देईल,' म्हटलं आणि कूस बदलली. दिवे लागले तेव्हा सीटवर कोणी नव्हतं. पट्टा मात्र... बांधलेला होता."

त्याने ओला हात सदऱ्याला पुसला.

"ताई, बाबांची तहान भागली होती ना?"

रोज पोथी वाचल्याशिवाय अन्न न घेणारी, कधी खोटं न बोललेली प्रगती.

"हो रे," ती म्हणाली. "भागली."

त्याने मान हलवली. पण बहिणीच्या तोंडाकडे बघितलं नाही.

तेरावा झाला आणि अमृत परत गेला. शेजारची सीट त्याने पैसे भरून रिकामी ठेवून घेतली. सोळा तास डोळ्याला डोळा लागू दिला नाही. भरलेला ग्लास हातात धरून बसला होता.

कोणीही पाणी मागितलं नाही.