मुरब्यातला अडकलेला ॲक्सल

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासोबत घडलेली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं, माझा राग नाही.

आणि आधीच सांगून टाकतो. अमावस्या नव्हती, रात्र नव्हती, पिंपळाचं झाडही नव्हतं. गेल्या नोव्हेंबरातली टळटळीत दुपार होती. जागा म्हणजे समुद्रकाठच्या मुरबे गावात साखरबाईंच्या घरामागची पत्र्याची शेड.

मी नीलेश. बोईसरला माझं छोटं गॅरेज आहे.

साखरबाईंचा पुतण्या निमेश याचा मला फोन आला. त्याच्या काकांची, म्हणजे साखरबाईंच्या नवऱ्याची, बळवंतकाकांची, एक जुनी एटीव्ही होती. बीचवर पर्यटकांना फिरवतात ना, ती चार जाड चाकांची बाईक. काकांनी ती सेकंडहँड घेतली होती, बोटीवरचे मासे वाळूतून वर आणायला. तीन वर्षांपूर्वी काका बोटीवरून समुद्रात पडले. सापडलेच नाहीत.

गाडी तेव्हापासून उभी होती. खाऱ्या पाण्याने तिचा मागचा ॲक्सल, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, गंजून आत गच्च बसला होता. निमेशला गाडी दुरुस्त करून केळव्याला राइडसाठी द्यायची होती.

"दोन मेकॅनिक येऊन गेले, दादा. दोगंबी अर्ध्यात सोडून गेले. का, ते पण सांगत नाय."

मला वाटलं, कामचोर असतील. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो.

असा ॲक्सल काढणं दोन माणसांचं काम आहे. एकाने एका बाजूने घण मारायचा. दुसऱ्याने पलीकडून पाइप पान्याने दांडा फिरवत ओढायचा. माझा पार्टनर मेहुल नेमका सफाळ्याला लग्नाला गेलेला. निमेश म्हणाला, तुम्ही सुरू करा, मी येतोच मागून.

मी पोचलो तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. बोटी समुद्रात. बायका बाजारात. वाळत घातलेले बोंबील आणि वारा, बस.

साखरमावशी दारात उभ्या होत्या. साठीच्या असतील. घरात एकट्याच राहतात. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अडकलाय तर ऱ्हाऊ दे ना पोरा. कोनाला काय तरास हाय त्याचा?"

मी हसून कामाला लागलो.

चाकं काढली. नट सोडवले. डिझेल ओतलं, गॅस टॉर्चच्या ज्योतीने शेकलं. दांड्याच्या टोकाला लाकडाचा ठोकळा लावला आणि घण मारला.

काही नाही.

अजून मारला. हात झिणझिणले. दांडा जागचा हलेना.

गाडीच्या सीटवर जुन्या जाळ्यांचा ढीग होता, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी घाम पुसायला थांबलो.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला...

टक टक.

लोखंडावर लोखंड. दोनदा.

मला वाटलं, निमेश आला. बरं झालं. मी म्हणालो, "धरलास का? फिरव आता."

दांडा माझ्या डोळ्यांसमोर पाव वळसा फिरला.

करकरत. गंज खाली सांडत.

मग पुन्हा... टक टक.

मी घण मारला. दांडा बोटभर सरकला. मला इतका आनंद झाला की काही विचारू नका. मी मारायचो, तो फिरवायचा, दोनदा वाजवायचा, मी पुन्हा मारायचो. काय जोडी जमली होती. मेहुलबरोबरही इतकं छान जमत नाही.

मी बडबडत होतो. तो बोलत नव्हता. श्वासाचा आवाज नाही, चपलेचा नाही.

दांडा चार बोटं सरकला तेव्हा मी टॉर्च उचलायला वाकलो...

आणि पाइप पाना दिसला.

माझ्याच पायाशी. माझ्याच पिशवीवर. मी एकच आणला होता.

मग पलीकडे दांडा कशाने फिरत होता?

मी वाकून गाडीखालून पाहिलं. पलीकडे पाय नव्हते. नुसती जमीन, आणि तिच्यावर माझ्या ठोकण्याने पडलेला गंज.

टक टक.

मी घण खाली ठेवला.

"थांबू नको."

मागे साखरमावशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात लाकडी पाट होता. त्या शांतपणे पलीकडे गेल्या, पाट मांडला आणि बसल्या.

"बोटीवर इंजिन तेच बगायचे," त्या म्हणाल्या. "त्या आवाजात ऐकू काय येतंय? मग दोनदा वाजवायचं. मंजे माजा हात बाजूला हाय, तू मार."

मी म्हणालो, "मावशी, मला जाऊ द्या."

"जा की. आदीचे पन गेले." मग त्या म्हणाल्या, "कोनी ठोकलं तरच येतात ते. मी मारून बगितलं, मला घण उचलत नाय."

मी खाली ठेवलेल्या घणाकडे पाहिलं.

"तू मार. पन काढू नको."

मी पळालो का नाही, हे बायको मला अजून विचारते. मलाही माहीत नाही. त्या बाईच्या आवाजात रडणं नव्हतं, हट्ट नव्हता. शेजारणीकडे विरजण मागावं तसं त्या मागत होत्या. मला त्यांची इतकी दया आली की भीती होती तिथेच राहिली आणि हात चालू झाला.

मी हलके हलके मारत राहिलो. दांडा सरकणार नाही इतकं हलकं.

आणि मावशी बोलत होत्या. माझ्याशी नाही.

"बोंबील कमी आला औंदा."

टक टक.

"मंगलाच्या नातवाला ताप हाय. दवाखान्यात नेलाय."

टक टक.

"मी बरी हाय. जेवते टायमावर."

या वेळी उशीर झाला. मी घण हातात धरून थांबलो. मावशीही थांबल्या.

...टक टक.

ऊन उतरेपर्यंत हे चाललं. शेवटी माझा खांदा भरून आला. मी सामान गोळा केलं. मावशी पाटावरून उठल्या नाहीत.

"उद्या येशील?"

मी हो म्हणालो.

गेलो नाही. निमेश त्या दिवशी आलाच नव्हता, त्याला पालघरला काम निघालं होतं. मी त्याला कळवलं, ॲक्सल निघत नाही. त्याने पुढच्या आठवड्यात गॅस कटर लावून तो कापून काढला. गाडी आता केळव्याला फिरते.

जानेवारीत साखरमावशी माझ्या गॅरेजवर आल्या. एकट्या, रिक्षा बदलत. माझ्यासाठी बारीक कोळंबीचा सुका जवळा आणला होता. बराच वेळ स्टुलावर बसून राहिल्या.

"आता शेडमंदी वाजवायला काय ऱ्हायलं नाय," त्या म्हणाल्या.

मला त्यांच्याकडे बघवेना.

"तुज्याकडं हाय काय रे तशी एकादी? अडकलेली?"

होती. मागे ताडपत्रीखाली, दातिवऱ्याच्या एका माणसाची. तसाच गच्च बसलेला ॲक्सल.

मी नाही म्हणालो. त्या येऊन बसल्या असत्या, मी ठोकलं असतं, आणि पलीकडून काहीच आलं नसतं तर? आणि आलं असतं, तर मी रोज तिथे काम कसं केलं असतं?

त्या त्यानंतरही आल्या. दर वेळी जवळा, दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी माझं नाही.

काल पुन्हा आल्या होत्या. निघताना बोलता बोलता मध्येच थांबल्या. मान ताडपत्रीकडे वळवली...

मला काहीच ऐकू आलं नाही. शपथेवर सांगतो.

मावशी हसल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिशेला बघून म्हणाल्या, "उद्या येते." आणि रिक्षेत बसून गेल्या.

आज मी गॅरेज उघडलेलं नाही. हे सगळं घरी बसून लिहितोय.

मघाशी गॅरेजच्या बाहेरून मेहुलचा फोन आला. मावशी सकाळपासून बंद शटरला पाठ टेकून बसल्यात म्हणाला. घरच्या, बाजाराच्या गोष्टी चालल्यात त्यांच्या. आत कोण आहे, असं त्याने मला विचारलं.

मी फोन ठेवून दिला.