थंडोबा आणि चंद्रावरचा अखंड दिवा

“केतकी, दिवा शांत होऊ द्यायचा नाही हं. आणि तोंडाने फुंकर तर मुळीच घालायची नाही!”

निघताना आत्याने असं बजावलं होतं. यंदा नवरात्रात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन. धुराजवळ जायलाच बंदी. म्हणून तिचा अखंड दिव्याचा नेम केतकीने अंगावर घेतला होता. तोही कुठे? तर आईबाबांच्या नोकरीच्या गावी, थेट चंद्रावर!

घटस्थापनेच्या दिवशी केतकीने निरांजन लावलं, हात जोडले, डोळे मिटले... आणि फुस्स्स! डोळे उघडून बघते तर निरांजनात फेसाचा डोंगर, आणि त्याचं एक पिल्लू तिच्या नाकावर.

“ज्योत आढळली. ज्योत आटोपली,” समोरचा यंत्रमानव अभिमानाने म्हणाला. आग विझवणं हेच त्याचं काम. मुलं त्याला थंडोबा म्हणत.

“अरे, देवीचा दिवा होता तो!”

“ज्योत प्राणवायू (श्वासाला लागणारी हवा) खाते. इथे तो मोजकाच आहे.” मग तो जरा ओशाळला. “खरं म्हणजे माझं नाव हेस्तिया. मी ग्रीसमध्ये घडलो. हेस्तिया ही तिथली चुलीची देवी.”

केतकीला हसू फुटलं. “नाव चुलीच्या देवीचं, आणि काम चूल विझवायचं? तुझ्या बारशाला कोण होतं रे?”

“फक्त इंजिनिअर. घुगऱ्यासुद्धा वाटल्या नाहीत.” थंडोबाने उसासा टाकला. “जुन्या ग्रीक घरांत नैवेद्याचा पहिला वाटा हेस्तियाचा असे.”

“आमची आत्यापण पहिला घास अग्नीला देते! म्हणजे हेस्तिया आमच्या नात्यातली?”

“थांब. रोमची देवी वेस्ता तिच्या अगदी जवळची; तिचीही आग अखंड. इराणात पवित्र अग्नी, तुमच्याकडेही घरचा अग्नी. यातल्या काही चाली एकाच फार जुन्या समाजातून आल्या असाव्यात, असं अभ्यासक म्हणतात. पण थंडी आणि भूक सगळ्यांनाच असते, म्हणून काही आपापल्याही सुचल्या असतील. सारखं दिसलं की लगेच नातं जोडू नये. तुला दोन डोळे, मलाही दोन. म्हणून मी तुझा चुलतभाऊ होत नाही.”

“देवीचीच कृपा!” केतकी म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. “पण त्यांची आग विझली तर?”

“एका ग्रीक देवळात ती दुसऱ्या आगीवरून पेटवत नसत म्हणे. अंतर्गोल, म्हणजे आत खोलगट असलेल्या, आरशाने सूर्यकिरण एका ठिपक्यावर गोळा करत.”

“आपल्या सौरभट्टीला तसाच आरसा आहे! पण वात पेटली की तू पुन्हा फुस्स करणार.” ती विचारात पडली. “आणि वातीच्या जागी दगड ठेवला तर?”

“दगड जळणार नाही, नुसता तापेल. आधी लाल, मग केशरी उजळेल. जळायला प्राणवायू लागतो. तापून उजळायला लागत नाही. आणि आपण चंद्राच्या ध्रुवाजवळ, उंच शिखरावर आहोत. दसऱ्यापर्यंत इथे सूर्य मावळायचा नाही.”

केतकीने लगेच आत्याला फोन लावला. “आत्या, वात नाही, तेल नाही, नुसता उन्हाने तापलेला दगड. चालेल?”

“न चालायला काय झालं? तेज तिचंच ना गं! फुंकर नाही ना घालणार?”

“दगडाला कोण फुंकर घालतं, आत्या?”

“आणि पुढे मंगळावर राहायला गेलात तर तिथेही लाव हो.”

केतकीने चंद्रावरचा एक खडा पुसून घेतला, त्याला हळदकुंकू लावलं आणि ती सौरभट्टीच्या वाटेला लागली. मागोमाग थंडोबा निघाला. भट्टीत शिरण्याआधी त्याने फेसाची नळी काढून, देवळाबाहेर चपला ठेवतात तशी, दाराबाहेर ठेवली.