भोपळा वर सरकला!

“शौनक, कात्री खाली ठेव! तो आईचा चांगला परकर आहे!”

अस्मिता ओरडेपर्यंत परकराचा एक कोपरा कापला गेला होता.

“मग काय झालं? पानांना हिरवा रंग हवा होता ना?” शौनक शांतपणे म्हणाला. “आता कापलाच आहे, तर हा परकर हवाच होता, असं म्हणायचं.”

दिग्विजय आणि त्याची धाकटी बहीण सृष्टी पोट धरधरून हसू लागली.

दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस होता. सन दोन हजार. सदाशिव पेठेतल्या ‘अश्विन’ या तीनमजली इमारतीत, तळमजल्यावर जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत चिंध्यांचा डोंगर पडला होता. दरवर्षी ही चौकडी मागच्या अंगणात किल्ला करायची. पण यंदा तिथे पत्र्याचं उंच कुंपण आलं होतं. शेजारच्या जागेवर कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीची टोलेजंग इमारत होणार होती, आणि तिच्या पोटात दोन मजली तळघर. ‘अश्विन’मधल्या लोकांनी कटकट केल्यावर काम दिवाळीपुरतं बंद ठेवायचं ठरलं होतं. किल्ल्याची जागा मात्र गेली ती गेलीच.

“किल्ला नाही तर नाही,” विमलमावशी म्हणाली होती. “आमच्याकडं सुगीच्या दिवसांत दारावर कणसं बांधतेत. तुमी कापडाची करा. मी दावते.”

विमलमावशी तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत एकटी राहायची आणि इमारतीतल्या सहा घरी पोळ्या करायची. तिच्या बोटांत जादू होती. पिवळ्या साडीची पट्टी चुणून दोरा ओढला की झेंडू तयार! जुन्या धोतराचा तुकडा चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की ज्वारीच्या कणसाचा रंग! आणि गोणपाटात चिंध्या कोंबून वरून आठ दोरे आवळले की गुबगुबीत लाल भोपळा!

संध्याकाळपर्यंत तोरण झालं. अस्मिताने दोन फुलांआड एक घुंगरू शिवलं. दिग्विजयने एक टोक जिन्याच्या भिंतीला बांधलं आणि दुसरं समोरच्या, पत्र्याच्या कुंपणाकडच्या भिंतीला. मधोमध भोपळा लोंबत होता. तो नेमका सृष्टीच्या डोक्याला टेकायचा.

“टोपी!” सृष्टी खूश होऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. पेठेतली दुपार म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. एक ते चार दुकानं बंद, खिडक्या बंद, माणसंही बंद! ऑक्टोबरचं ऊन रस्त्यावर नुसतं तापत पडलं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. चौघं जण जिन्यात बसून दुसऱ्या तोरणाची फुलं शिवत होती.

छुम्.

“कोण आलं?” अस्मिताने मान वर केली.

कुणीच नव्हतं.

छुम्... छुम्छुम्.

तोरणाची घुंगरं वाजत होती! वारा नव्हता. कुणी हात लावला नव्हता. तरी एकेक कापडी झेंडू थरथरत होता, थंडी वाजल्यासारखा. मग सगळं एकदम थांबलं. शौनकच्या हातातली सुई टिणकन खाली पडली.

“मांजर असेल,” तो पुटपुटला.

“दोऱ्यावर चालणारं?” दिग्विजयने विचारलं. पण त्याचाही आवाज बारीक झाला होता.

घड्याळात अडीच वाजले होते.

तिसऱ्या दिवशीही बरोबर अडीचला घुंगरं वाजली. या वेळी बराच वेळ. आणि त्या संध्याकाळी सृष्टी नेहमीसारखी भोपळ्याखाली जाऊन उभी राहिली आणि रडवेली झाली.

“दादा, टोपी लागत नाहीये!”

खरंच! भोपळा आणि तिच्या डोक्यात चांगली दोन बोटं अंतर पडलं होतं.

“तू बुटकी झालीस,” शौनक म्हणाला. पण कुणी हसलं नाही. दोन दिवसांत कुणी बुटकं होतं का?

अस्मिताने दोन्ही टोकांच्या गाठी पाहिल्या. जशा बांधल्या होत्या तशाच होत्या. भोपळा कुणी उचलला नव्हता. तो आपोआप वर सरकला होता!

तेवढ्यात विमलमावशी पोळ्या आटपून आली. अस्मिताने तिला सगळं सांगितलं, तसा तिचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

“तुमाला बी आवाज येतोय? मला वाटलं, मला एकटीलाच येतोय,” ती हळूच म्हणाली. “चार दिस झाले. दुपारी आडवी झाले की जमिनीखालून कुणीतरी ठोकतंय. ठक, ठक. आमचं गाव किल्लारीजवळ, लेकरांनो. भूकंपात माझी माणसं मातीखाली गेली. दोन दिस खालून ठोकल्याचा आवाज येत होता. मग तो बी थांबला.” तिने डोळे मिटले. “मला वाटतं, तीच मला हाका मारतेत.”

सृष्टी दादाला घट्ट बिलगली.

चौघं जण विमलमावशीला घेऊन पहिल्या मजल्यावर लिमये आजोबांकडे गेली. शरच्चंद्र लिमये म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक आणि सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी वर्तमानपत्राच्या वरून पाहिलं.

“विमलाबाई, अहो, हे लातूर नव्हे. इथली जमीन फक्त पाणी सोडायच्या वेळी हादरते, तीही बायकांच्या धावपळीने,” ते म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. “आणि भोपळा वर सरकला म्हणता? कापड आटतं. दोरा आटतो. शाळेत हे शिकवत नाहीत वाटतं हल्ली? या आता.”

दार बंद झालं. विमलमावशी जिना उतरून गेली. तिची खाली गेलेली मान पाहून दिग्विजयची कानशिलं तापली.

“कापड आटतं काय? ठीक आहे!” तो म्हणाला. “मग दुसरंही आटायला हवं.”

त्याच दोऱ्याचं, त्याच चिंध्यांचं, तेवढ्याच लांबीचं दुसरं तोरण तयार झालं. ते मात्र त्यांनी आतल्या दोन भिंतींच्या मध्ये बांधलं, पत्र्याच्या कुंपणापासून दूर. एका झाडूच्या दांड्यावर दोन्ही भोपळ्यांची उंची पेन्सिलने आखून ठेवली. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजमाप चाललं. आतला भोपळा तसूभर हलला नाही. बाहेरचा आणखी तीन बोटं वर गेला!

“म्हणजे तोरण आटत नाहीये,” अस्मिता सावकाश म्हणाली. “दोन भिंतींमधलं अंतर वाढतंय. दोरा ताणला जातोय, म्हणून भोपळा वर जातोय.”

“भिंत चालतेय?” शौनकने विचारलं. “ताई, भूत परवडलं!”

त्या दुपारी अडीच वाजता चौघं जण विमलमावशीच्या खोलीत फरशीवर पालथी पडून कान लावून राहिली. मावशी दाराशी उभी होती, पदर तोंडाशी धरून. खोलीत अंधारलेलं होतं. बाहेर छुम्छुम् सुरू झालं आणि आत...

ठक. ठक. ठक.

अगदी खालून. अगदी कानाखालून! सृष्टीने दादाचा हात घट्ट पकडला. मग ठकठक थांबली, आणि जमिनीखाली कुणीतरी खोकलं.

“आई गं!” शौनक बेंबीच्या देठापासून ओरडणार होता. अस्मिताने त्याचं तोंड दाबलं.

कॉटखालच्या फरशीला केसासारखी भेग पडली होती. तिच्यातून गार हवेची बारीक झुळूक येत होती. दिग्विजयने सरपटत जाऊन तिला नाक लावलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग वळून त्याने कुजबुजत विचारलं,

“ए, भुतं बिडी ओढतात?”

अस्मिता ताडकन उठून बसली.

“माणसं! खाली माणसं आहेत! मावशी, तुमची माणसं नाहीत हो ती. आपल्या घराखाली कुणीतरी खणतंय!”

विमलमावशीने एक दीर्घ श्वास सोडला आणि पदर कमरेला खोचला.

दिग्विजय धावत जाऊन पत्र्याच्या फटीतून पाहून आला. फाटकाला बाहेरून भलंमोठं कुलूप, यंत्रं थंड, पण आत ओल्या, ताज्या मातीचा ढीग! फाटकाशी सावलीत खुर्ची टाकून मुकादम हिंमतराव बसला होता. सगळी पेठ झोपलेली असताना, आवाज होऊ नये म्हणून पहारींनी, चोरून काम चाललं होतं.

“लिमये आजोबांना आणायला हवं,” अस्मिता म्हणाली.

“आत्ता? पावणेतीनला?” शौनकचे डोळे विस्फारले. “ताई, त्यापेक्षा मी एकटा भुयारात जातो!”

पण अस्मिताने बेल दाबली. तीनदा. दार उघडलं तेव्हा लिमये आजोबांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

“कुणी मेलंय का?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही,” अस्मिता म्हणाली. “म्हणूनच आलोय.” आणि तिने झाडूचा दांडा पुढे केला.

आजोबांनी त्या खुणा पाहिल्या. कोणती कुठल्या तोरणाची, ते विचारलं. त्यांच्या कपाळाला हळूहळू आठ्या पडल्या. चष्मा चढवून ते मुकाट्याने खाली आले आणि थेट फाटकाशी गेले. अस्मिताने शौनक आणि सृष्टीच्या कानात काहीतरी सांगून त्यांना मावशीच्या खोलीत पाठवलं आणि ती आजोबांच्या मागे धावली.

“काय हो, काम चालू आहे का?”

“छे छे, काका!” हिंमतराव हात जोडून उठला. “कुलूप बघा की. दिवाळी झाल्याशिवाय आत चिटपाखरू नाही. पोरांना सुट्टी लागली, की त्यांना भुतं दिसत्यात!”

“आत कुणीच नाही ना?” अस्मिताने निरागसपणे विचारलं. “खात्रीने?”

“कुणीच नाही!”

“बरं झालं. अहो, विमलमावशींच्या फरशीला भेग पडलीय ना, तिच्यातून ढिगाने मुंगळे येताहेत. आम्ही आत उकळतं पाणी ओतणार आहोत. मोठं पातेलंभर!” मग तिने मावशीच्या खिडकीकडे वळून हाक मारली. “शौनक! पाणी उकळलं का?”

खिडकीत शौनकचं डोकं दिसलं. सृष्टीने आणि त्याने मिळून पातेलं उचललं होतं. त्यात नळाचं गार पाणी होतं, पण ते फक्त मुलांनाच माहीत होतं.

“खळखळ उकळतंय, ताई! ओतू?”

“ओत!”

“थांबा!” हिंमतराव किंचाळला. “ओतू नका! खाली सात माणसं हायत!”

हिंमतरावने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, पण शब्द बाहेर पडले होते.

“सात,” लिमये आजोबा अगदी हळू म्हणाले. “आमच्या पायाखाली सात माणसं. कुलूप काढा.”

कुलूप निघालं. मातीने माखलेले सात मजूर डोळे चोळत वर आले. तळघर आणखी चार हात रुंद व्हावं, म्हणून कुंपणाच्या आतून थेट ‘अश्विन’च्या पायाखाली खणायला लावलं होतं त्यांना. आपल्या डोक्यावर अख्खी इमारत उभी आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

अस्मिताची उल्काआत्या इंजिनीअरिंग कॉलेजात बांधकाम शिकवायची. फोन जाताच ती अर्ध्या तासात स्कूटरवरून आली. तिने भिंत पाहिली, भेग पाहिली, झाडूच्या दांड्यावरच्या खुणा पाहिल्या, आणि तिचा आवाजच बदलला.

“सगळे बाहेर. आत्ता. गॅस बंद करा, सामान घेऊ नका.”

विमलमावशी लाटणं घेऊन जिना चढत सुटली. धाड धाड धाड! प्रत्येक दार तिने बडवलं. “उठा! बाहेर पडा! अहो, उठा!” कुणी चहा टाकत होतं, कुणी कुरकुरत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आप्पासाहेबांना चप्पल सापडत नव्हती. मावशीने त्यांना अनवाणीच हाताला धरून खाली आणलं. रस्त्यापलीकडे सगळे जमले, तेव्हा ती प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोजत गेली. मग परत पहिल्यापासून मोजलं.

“एकतीस,” ती म्हणाली. “समदी हायत.”

सहा वाजायच्या बेताला जमिनीखालून एक घोगरा, लांबलचक आवाज आला. पहिल्या तोरणाची घुंगरं एकदाच जोरात खणाणली आणि दोरा तुटला. पुढच्या क्षणी विमलमावशीच्या खोलीची फरशी कॉटसकट खाली गेली. कुंपणाकडची भिंत हातभर कलली, धुळीचा लोट उठला आणि भिंत तशीच थांबली.

जिथे फरशी होती, तिथे दुपारी चौघं जण पालथी पडली होती.

दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं आली. खड्डा भरायला घेतला, भिंतीला लोखंडी टेकू लागले. हिंमतराव आणि त्याचा मालक यांना पोलिसांनी बोलावून नेलं. इमारत दुरुस्त होऊ शकेल, पण चार महिने लागतील, असं उल्काआत्याने सांगितलं. तोवर काही जण नातेवाइकांकडे गेले आणि बाकीच्यांची सोय जवळच्या शाळेच्या सभागृहात झाली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी सगळी बिऱ्हाडं तिथे फराळाला जमली. लिमये आजोबा उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला.

“मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं,” ते म्हणाले. “दोरा जरासा ताणला, तर मधला भाग त्याहून जास्त वर जातो, हे फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखवलं असेल. ते माझ्याच दारात टांगलेलं होतं आणि मला दिसलं नाही. अस्मिता, दिग्विजय, शौनक, सृष्टी, तुम्हाला दिसलं. मोजलंत, पडताळून पाहिलंत आणि मोठ्यांनी हाकलल्यावरही परत आलात. आज एकतीस माणसं आणि ते सात मजूर सुखरूप आहेत, ते तुमच्यामुळे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सृष्टी लाजून अस्मिताच्या मागे लपली. शौनकने मात्र ऐटीत वाकून नमस्कार केला.

आजोबा अजून उभेच होते.

“आणि विमलाबाई, तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी ऐकू आलं होतं. मी हसलो. चूक झाली माझी.”

विमलमावशीने पदराने तोंड पुसलं.

“सात वर्षामागं मी हाका मारल्या, तवा ऐकायला कुणी आलं नाय, गुरुजी,” ती म्हणाली. “आवंदा या लेकरांनी ऐकलं. लई झालं.”

मग ती सभागृहाच्या कोपऱ्यात एका सतरंजीवर जरा टेकली. बाहेर फटाक्यांच्या माळा लागत होत्या, आत मुलांचा दंगा चालू होता, कुणीतरी चकल्यांचा डबा पाडला. दिग्विजयची आई तिला चहा द्यायला गेली आणि तशीच परत आली.

“मावशी झोपल्यात,” ती सगळ्यांना खुणावत म्हणाली. “भूकंपापासून अशी शांत झोप कधी लागली नाही, म्हणायच्या त्या.”

लिमये आजोबांनी पुढे होऊन खिडकी अलगद लावून घेतली. मग ओठांवर बोट ठेवून त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. चार वाजेपर्यंत त्यांनी कुणाला आत जाऊ दिलं नाही.