थंड इंजिनात सदतीस

ही गोष्ट माझ्या नवऱ्यासोबत घडली आहे. कुणाच्या मावसभावाच्या मित्रासोबत नाही. खोटी वाटली तर खुशाल पुढे जा, मी रागावणार नाही. फक्त खाली "याला शास्त्रीय कारण असतं" अशी कमेंट करू नका. कारण सापडलं असतं तर माझा नवरा रात्री झोपला असता.

मी वीणा. फरीदाबादला नहरपार भागात राहते. माझा नवरा उन्मेष पोकलेन, लोडर अशा अवजड मशिन्सचा सर्व्हिस इंजिनिअर आहे. मशीन अडलं की हा लॅपटॉप जोडतो आणि इंजिनाचा कुठला सेन्सर बिघडलाय ते शोधतो. बायकोला काय झालंय हे त्याला इतक्या वर्षांत कधी कळलं नाही, पण इंजिनाचं दुखणं लगेच कळतं.

गोष्ट गेल्या वर्षीच्या डिसेंबरमधली. अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती.

भर दिवसा घडलं.

आमच्याकडे प्रदूषणाने हवा फार बिघडली की सगळी बांधकामं बंद करतात. तेव्हाही बरेच दिवस बंदी होती. मजूर, ऑपरेटर आपापल्या गावी गेले होते. बंदी उठली आणि त्याच सकाळी एका साइटवरून फोन आला, पोकलेन सुरू होत नाहीये.

धुकं इतकं की समोरचा माणूस दिसत नव्हता. उन्मेष आणि त्याचा जोडीदार नीरज साइटवर पोचले. बेसमेंटसाठी खोदलेला मोठा खड्डा आणि त्यात ते मशीन एकटंच उभं.

ना जनरेटरचा आवाज, ना माणसांचा.

खड्ड्याची कड ढासळून मशीनच्या मागे मातीचा ढीग झाला होता. बंदीत कधीतरी पडली असेल माती, असं दोघांना वाटलं. पोकलेनचं इंजिन मागच्या बाजूलाच असतं. उन्मेष म्हणाला, बरं झालं, शिडी नको. तो त्या ढिगावर उभा राहिला आणि त्याने बॉनेट उघडलं.

लॅपटॉप जोडला.

इथे एक गोष्ट समजून घ्या. मशीन बरेच दिवस बंद असलं की पूर्ण गार पडतं. मग तेल, डिझेल, इंजिनात फिरणारं पाणी, सगळ्यांच्या सेन्सरनी बाहेरच्या हवेइतकंच तापमान दाखवायला हवं. त्या सकाळी सगळ्यांनी नऊ दाखवलं.

फक्त पाण्याच्या सेन्सरने दाखवलं... सदतीस.

उन्मेषने इंजिनाला हात लावला. बर्फासारखं गार.

"सेन्सर गेला, दादा," नीरज म्हणाला.

तेवढ्यात उन्मेषचा फोन वाजला. शिवबचनची बायको, बिहारमधून. शिवबचन हा त्याच मशीनचा ऑपरेटर.

"भइया, वो पहुँच गए क्या? कल शाम को बोले थे, स्टेशन पर उतर गए. तब से फोन बंद आ रहा है."

उन्मेषने साइटच्या सुपरवायझरला फोन करून विचारलं. तो हसला. "पी के पड़ा होगा कहीं. आ जाएगा."

उन्मेषने तिला तेच जरा गोड शब्दांत सांगितलं. "आ जाएगा भाभी. फिक्र मत करो."

वायरमध्ये दोष आहे का हे बघायची यांची एक पद्धत आहे. एक जण इंजिनाजवळ उभा राहून वायर हलवत जातो. दुसरा केबिनमध्ये बसून स्क्रीनवरचा आकडा ओरडून सांगत राहतो. आकडा उडाला की समजायचं, दोष इथेच आहे. बॉनेट वर असल्यामुळे उन्मेषला केबिन दिसत नव्हती. नुसता आवाज येत होता.

"थर्टी सेवन!" नीरज ओरडला. तो दिल्लीत वाढलेला. एकोणतीस आणि एकोणचाळीसमध्ये अजून गोंधळतो, म्हणून आकडे नेहमी इंग्रजीत.

"थर्टी सेवन... थर्टी सेवन..."

उन्मेष पुढच्या जोडाकडे सरकला.

मग...

"सैंतीस."

उन्मेष वायर हलवत राहिला.

"सैंतीस... छत्तीस..."

आवाज बसलेला होता. तोंडात माती गेल्यासारखा.

"नीरज, घसा बसला का रे?"



"छत्तीस..."

उन्मेष ढिगावरून उतरला. केबिनपाशी गेला. दार बाहेरून लावलेलं होतं.

आत कुणीही नव्हतं.

स्क्रीनवर छत्तीस.

धुक्यातून नीरज येताना दिसला. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. "अरे यार दादा, सांगून तर गेलो ना, चाय घेऊन येतो म्हणून!"

तो चहा दोघांनीही प्यायला नाही.

उन्मेषने मग त्या सेन्सरची वायरच काढून टाकली. वायर काढली की स्क्रीनने उणे चाळीस दाखवायचं, हे ठरलेलं असतं.

स्क्रीनवर... चौतीस.

नवा सेन्सर लावला. एकतीस.

वायर नवी टाकली. सव्वीस.

मग करण्यासारखं काही उरलंच नाही. दोघं बघत बसले. आकडा आपोआप उतरत होता. मध्येच शिवबचनच्या बायकोचा पुन्हा फोन आला. उन्मेषचे हात ग्रीसने भरलेले होते. त्याने उचलला नाही.

दुपारी आकडा नवावर आला. सगळ्यांशी जुळला. नीरजने टाळी वाजवली. बिघाडाचा कोड क्लिअर केला, किल्ली फिरवली, मशीन सुरू झालं.

"सुंठीवाचून खोकला गेला," उन्मेष घरी येऊन मला म्हणाला. त्या आवाजाचंही सांगितलं. मी म्हटलं, थंडी बाधली असेल, गरम काहीतरी पी आणि झोप.

दुसऱ्या दिवशी लोडरने तो ढीग हलवला.

शिवबचन त्याखाली होता.

स्टेशनवरून थेट साइटवर येऊन तो मशीनच्या आडोशाला झोपला होता. माती त्याच रात्री कोसळली. मशीनच्या खाली थोडी पोकळी होती, तिथे तो अडकला. डॉक्टर म्हणाले, हा लगेच गेलेला नाही. काल दुपारपर्यंत श्वास चालू असणार.

आणि उन्मेष सकाळपासून त्याच ढिगावर उभा होता.

त्या बाईला फोन उन्मेषनेच केला. फोन तसाच चालू राहिला, मागे कोंबड्या ओरडत होत्या, एवढंच त्याने मला सांगितलं.

आकड्याचं मात्र तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? आपल्याकडे ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात. माणूस बरा असला की अठ्ठ्याण्णव, हेच डोक्यात बसलेलं.

जानेवारीत आमच्या अबोलीला ताप आला. सहा वर्षांची आहे. रात्रभर फणफणली होती, सकाळी घाम येऊन उतरला. मी थर्मामीटर लावला. तिने खेळता खेळता त्याचं बटण दाबून धरलं असणार, आकडा सेल्सिअसमध्ये आला. मी आनंदाने उन्मेषसमोर धरला.

"हे बघ, सदतीस. एकदम नॉर्मल."

तो बघत राहिला.

मग भिंतीला टेकून खाली बसला.

"वीणा... तो फॉल्ट नव्हता."

मी त्याच्याजवळ बसले. मला अजून काही समजलं नव्हतं.

"तो सांगत होता गं. आणि मी सेन्सर बदलत होतो."

तेव्हा मला समजलं. पोरीला कुशीत घेतलं आणि रडले.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

यंदा पुन्हा बंदी लागली आणि गेल्या आठवड्यात उठली. उन्मेष आणि नीरज नोएडाच्या एका साइटवर गेले. दुसरं मशीन, दुसरा मालक. गार इंजिन. सगळ्या सेन्सरनी अकरा दाखवलं.

एकाने... सदतीस.

या वेळी उन्मेषने सेन्सरला हातही लावला नाही. तो ओरडला, माणसं गोळा केली, मशीनच्या चारी बाजूंनी खणायला लावलं. लोक त्याला वेडा म्हणाले. सुपरवायझरने कॉलर धरली. उन्मेष आणि नीरज हातांनी माती उपसत राहिले.

रिकाम्या केबिनमधून आकडे ऐकू येत होते.

"तैंतीस... तीस..."

या वेळचा आवाज बाईचा होता.

संध्याकाळपर्यंत खणलं. काहीच सापडलं नाही. आकडा उतरत उतरत अकरावर आला, सगळ्यांशी जुळला. किल्ली फिरवताच मशीन सुरू झालं.

त्या साइटवरून कुणीही हरवलेलं नाही, असं सगळे सांगतात. मी रोज उन्मेषला विचारते, कुणाला शोधत कुणाचा फोन आला का? तो नाही म्हणतो.

रात्री मात्र फोन उशाशी घेऊन पडून असतो, आवाज पूर्ण वाढवून.